आखणीच्या दिवसांत कुणी मरत नाही

६ जानेवारी

फेब्रुवारीचे लेखक ठरले. रोह्याचे दत्तात्रेय शेडगे, कादंबरी ‘बाहेरकाठा’. वाचनालयाच्या कार्यवाह नम्रताताईंनी सांगितलं तेव्हा मी पुस्तकांना कव्हरं घालत होते. ‘बरं’ म्हणाले आणि एका पुस्तकाला उलटं कव्हर घातलं.

गेल्या वर्षापासून आम्ही पेणला महिन्याला एक लेखक बोलावतो. नऊ झाले. प्रश्न मी विचारते. सुरुवातीला समितीतल्या दोघांना पटलं नव्हतं, चौथी शिकलेली बाई लेखकाला काय विचारणार म्हणून. आता तेच पुढच्या रांगेत रुमाल टाकून जागा धरतात. मला हे काम जमतं, त्यात उगाच संकोच कशाला. ‘लिहायची प्रेरणा कुठून मिळाली’ असलं मी विचारत नाही; त्याला सगळ्यांचं एकच उत्तर असतं. मी विचारते, बासष्टाव्या पानावर ती बाई चूल पेटती ठेवून निघून जाते, ते मुद्दाम की तुम्ही विसरलात? मग माणूस खुर्चीत सरळ बसतो आणि खरं बोलायला लागतो.

पण ‘बाहेरकाठा’चं वेगळं आहे. त्याच्या शेवटात मी हात घातलेला आहे.

९ जानेवारी

हे कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहून ठेवते.

जोह्याच्या कारखान्यात मी गणपतीच्या मूर्तींना पॉलिश पेपर मारायची. एकदा जेवणाच्या सुट्टीत पुस्तक घेऊन बसले होते, तेव्हा इंदुबाई म्हणाली, ‘एकटीच काय वाचतेस गो, मोठ्यानी वाच.’ वाचलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वाटणीच्या मूर्ती सगळ्यांनी वाटून घेतल्या आणि मला उलट्या खोक्यावर बसवलं. बारा वर्षं वाचत होते. मालकांचीही हरकत नव्हती. गोष्ट चालू असली की चहाला कुणी बाहेर जात नसे.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते सगळ्यात शेवटचं काम, अख्ख्या कारखान्यात एक-दोघांच्याच हातचं. आमच्याकडे ते आमचे हे करायचे, काळुराम. आखणी चालू असताना मरणाचं बोलायचं नाही, असा तिथला नेम. गावात कुणी गेल्याचा फोन आला तर माणूस आवाराबाहेर जाऊन बोलतो. आखणी करणाऱ्याच्या कानावर गेलंच, तर तो ब्रश ठेवतो, डोक्यावरून पाणी घेतो, मगच परत बसतो.

दुसऱ्याच पुस्तकात एक म्हातारा मेला. लिहिलं होतं तसं मी वाचलं. ह्यांनी ब्रश ठेवला. ह्यांच्या हाताखालच्या विठूने ठेवला. मग ओळीने सगळे नळावर गेले आणि अंघोळ करून आले. पुस्तकातल्या म्हाताऱ्यासाठी. मला हसू आलं, पण बाकी कुणी हसत नव्हतं. मालक म्हणाले, ‘विमलबाई, वाचा खुशाल. पण माणसं मारू नका. दोनशे मूर्तींचे डोळे राहिलेत.’

तेव्हापासून मी मारली नाहीत. मरण आलं की नजर पानावर ठेवून दुसरंच सांगायची. तापाने गेलेला बरा व्हायचा. विहिरीत पडलेलीला कुणीतरी दोर टाकायचं. आधी दोन-चार वाक्यं पुरायची, पुढे पुढे पानंच्या पानं लागायला लागली, कारण जिवंत ठेवलेल्या माणसाला काहीतरी काम द्यावं लागतं, नुसतं बसवून चालत नाही. आखणी वर्षातले सात-आठ महिने चालते. उरलेल्या महिन्यांत तरी खरं वाचता आलं असतं, पण तेवढ्यापुरती माणसं मारायला मला बरं वाटेना.

‘बाहेरकाठा’ तिथलं शेवटचं पुस्तक. तीन वर्षं झाली. त्यात सगुणा नावाची मिठागरावरची बाई आहे. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बाहेरच्या अंगाला घातलेला मोठा बांध, तो बाहेरकाठा. उधाणाच्या भरतीत त्याला खांड पडते आणि ती बुजवताना सगुणा जाते. माझ्या सगुणाला मी आदल्या दिवशीच रोह्याला पाठवलं. तिथे बाजारात ती सुकी मासळी घेऊन बसली. पेणला शिकायला गेलेली तिची पोर तिला शोधायला निघते, इथपर्यंत आणलं, आणि ह्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. पुढे वाचन झालं नाही. मी जोहे सोडून पेणला खोली घेतली.

१२ जानेवारी

बाजारात इंदुबाई भेटली. ती मूर्तींचे दागिने रंगवते. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि कानात सांगितलेलंही पलीकडच्या दुकानात ऐकू जाईल असा आवाज.

‘काय गो, तो बाहेरकाठावाला येतंय म्हणं?’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘बोर्ड लावलाय ना तुमी यष्टी स्टँडला. मना वाचता येत नाय, विठूला येतं. आमी चौदा जण येतोय. मालकानी अर्धा दिस सोडलाय.’

‘एवढ्या लांब कशाला? गर्दी होईल, बसायला मिळणार नाही.’

‘उभी राहीन. तीन वर्सं झाली, ती पोर वाटंवरच हाय. त्यालाच इचारते, पोचली का नाय.’

मी वालाच्या शेंगा घ्यायला गेले होते, न घेताच परत आले.

भीती शेडगे सरांची नाही. लेखक रागावला तर रागावला, आपल्या गावी परत जातो. पण जोह्याची ती चौदा माणसं मला ‘वाचणारी विमल’ म्हणून ओळखतात. मी वाचत होते असं त्यांना वाटतं, आणि मी मनचं सांगत होते. ह्यांच्यामागे त्या गावात माझं तेवढं नाव उरलं आहे. ते एक फेब्रुवारीच्या कार्यक्रमात जाईल.

१४ जानेवारी

संक्रांत. शेवटची नऊ पानं तीनदा वाचली. शेडगे फार चांगलं लिहितात. सगुणा मरते त्या नऊ पानांत एकही शब्द रडत नाही.

१८ जानेवारी

पेणहून सकाळच्या गाडीने रोह्याला गेले. कार्यक्रमाआधी लेखकाला एकदा घरी जाऊन भेटायचं हा माझा शिरस्ता. मंचावर सगळे इस्त्रीचे असतात.

सर धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेले. घरात पुस्तकं मी समजले होते त्याहून कमी. भिंतीवर एका बाईचा फोटो, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोळ्यांवर ऊन आलेलं. काच स्वच्छ पुसलेली होती.

‘तुम्ही वाचता कशा?’ त्यांनीच पहिला प्रश्न विचारला.

‘मोठ्याने. काम करणाऱ्या माणसांना.’

‘मग माझ्या पुस्तकात लोकांचे हात कुठे थांबले?’

असं आजवर एकाही लेखकाने विचारलं नव्हतं. मी म्हणाले, ‘सगुणा मुकादमाची टोपली त्याच्याच दारात उपडी करून जाते, तिथे. आणि बांधाच्या इतिहासाची अकरा पानं आहेत ना, ती मी गाळली.’

‘अकराच्या अकरा?’

‘पहिलं वाचलं. दोघी पाणी प्यायला उठल्या.’

ते मोठ्याने हसले. ‘ती अकरा पानं मी दोन रविवारांत लिहिली,’ म्हणाले. ‘आणि शेवटच्या नऊ पानांना चार वर्षं.’

‘एवढी का?’

‘दर खेपेला मी तिला वाचवत होतो. मग फाडत होतो. लिहिताना माणूस वाचवणं अवघड नसतं, बाई. पुढच्या ओळीत तिचा हात धरायचा, झालं. पण मग आधीची दोनशे पानं खोटी पडतात.’

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण विचारलं भलतंच: ‘सगुणा कुणावरून घेतलीत?’

‘कुणावरून नाही. सगळी कल्पना.’ ते उठले आणि कपबशा उचलून आत गेले. माझा चहा अर्धा व्हायचा होता.

काही लेखकांना हा प्रश्न आवडत नाही. मंचावर विचारणार नाही. परतीच्या गाडीत कासू स्टेशनापर्यंत मनात वाक्यं जुळवत होते, जी रोह्यालाच बोलून टाकायला हवी होती.

२३ जानेवारी

माघी गणपती झाले. इंदुबाईच्या प्रश्नावर एक तोड सुचली. नम्रताताईंना म्हणाले, श्रोत्यांचे प्रश्न या वेळी चिठ्ठीवर घेऊ. वेळ वाचतो.

‘विमलताई, तोंडी प्रश्न तर तुम्हीच सुरू केलेत. समितीशी भांडून.’

‘लोक फार लांबण लावतात.’

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, पण हो म्हणाल्या. चिठ्ठ्या मी उघडणार, मीच निवडणार. मला हे बरं वाटत नाही. पण ठरवलं आहे.

२८ जानेवारी

विठू वाचनालयात आला. पुढच्या दोन रांगा धरायच्या होत्या. ह्यांच्यानंतर आखणी तोच करतो.

‘वयनी, बाहेरकाठा हाय का इथं? शेवट चाळतो जरा.’

‘बाहेर गेलंय,’ मी म्हणाले. पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं.

‘आपलं नशीबच तसलं. कारखान्यात पुस्तक संपलं रे संपलं, की काळुरामदादा त्याच दिवशी घेऊन पेणला यायचे परत करायला. आखणी अर्धी टाकून. आमी म्हणायचो, राहू द्या दोन दिस, आमी पण बघू. तर म्हणायचे, दुसऱ्याची वस्तू हाय, ठेवायची नाय.’

मुदत तर पंधरा दिवसांची असायची. पण हे तसेच होते, कुणाची उसनी वाटीसुद्धा घरात राहू द्यायचे नाहीत. स्वतःला अक्षरओळख नव्हती, तरी पुस्तक फडक्यात बांधून न्यायचे. विठू गेल्यावर बराच वेळ तेच डोळ्यांपुढे होतं. असं अधूनमधून होतं, मग मी पुस्तकं लावायला घेते.

१ फेब्रुवारी

सगळं क्रमाने लिहिते.

चार वाजता सभागृह भरलं. जोह्याची चौदा माणसं दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, धुतल्या कपड्यांत. विठूच्या नखांत सोनेरी रंग तसाच होता.

पहिला तास छान गेला. मी टोपलीचं विचारलं, मिठागरावरच्या बायकांच्या शिव्या सौम्य का केल्या ते विचारलं. (‘सौम्य केलेल्या नाहीत, निवडलेल्या आहेत,’ सर म्हणाले. इंदुबाई मान हलवून म्हणाली, ‘नाय, सौम्यच हायत.’) सरांनी ते कबूल केलं. मग चिठ्ठ्या. चोवीस आल्या. मी सहा निवडल्या आणि सातवी उचलणार, तोच इंदुबाई उभी राहिली.

‘मना लिवता येत नाय, तर तोंडानी इचारते. सगुणा रोह्याच्या बाजारात सुकट घेऊन बसली. तिची पोर तिला सोदायला निघाली. ती पोचली का नाय?’

ज्यांनी पुस्तक वाचलं होतं ते एकमेकांकडे बघू लागले. सर माझ्याकडे बघत होते. माझ्या हातात चिठ्ठी होती, ती खाली ठेवली आणि उभी राहिले.

‘इंदुबाई, सगुणा रोह्याला गेलीच नाही. पुस्तकात ती बाहेरकाठ्यावर मरते. रोहा माझं. आखणीचे दिवस होते, म्हणून मी तिला जिवंत ठेवली. तिला एकटीलाच नाही. बारा वर्षांत सगळ्यांनाच.’

‘सगळ्यांना?’ विठू म्हणाला. ‘तो गलबतावरचा तांडेल?’

‘बुडाला.’

‘ती मास्तरीण?’

‘बाळंतपणात गेली.’

‘तिनी तर शाळा काढली नंतर.’

‘ती मी काढली.’

मागे कुणीतरी हसलं. इंदुबाई हसली नाही. ‘बारा वर्सं आमाला पोरं समजलीस,’ एवढंच म्हणाली. खाली बसली, पदर सारखा केला आणि माझ्याकडे बघायचं थांबली.

मला वाटलं आता सर उठून जातील. त्यांनी माइक बाजूला ठेवला आणि इंदुबाईला विचारलं, ‘तुमची सगुणा बाजारात बसायची कुठे?’

ती सरांकडे वळली. मग म्हणाली, ‘कुंडलिकेच्या पुलाकडं. सावलीला.’

‘पाय दुखायचे तिचे. मिठाने फुटलेले.’

‘रोह्याला बरे झाले. तेल लावायची रोज.’

‘राहायची कुठे?’

‘एका शिवणवालीच्या वटीवर. पावसाची आत घ्यायची ती.’

‘पोटाला?’

‘पोटभर. मासळीवालीला काय तोटा?’

सर मान हलवत ऐकत होते. लेखक असे तपशील गोळा करतात, चालू कार्यक्रमातही त्यांचं काम थांबत नाही. मग ते म्हणाले, ‘पोर नाही पोचली वेळेवर. वसतिगृहावर निरोप दुसऱ्या दिवशी आला. मी गेलो तोवर खांडीवर माती टाकून झाली होती.’ बोलण्याच्या भरात पोरीच्या जागी ‘मी’ म्हणून गेले. मंचावर होते अशी गफलत. माझं लक्ष इंदुबाईकडे होतं, मी दुरुस्त केलं नाही.

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. ‘आता झालं ते वाचा. गाळू नका.’

मी नऊच्या नऊ पानं वाचली. तीन वर्षांत मोठ्याने काही वाचलं नव्हतं, आणि मरण तर त्याच्याही आधी फार वर्षं नाही. आवाज कापला नाही. त्या माणसाने चार वर्षं घालवून त्यातलं रडणं काढलं होतं, ते मी परत का घालू? सगुणाच्या हातातली पाटी पाण्यावर तरंगते आणि हात दिसत नाही, अशा जागी कारखान्यात मी पान उलटल्याचं सोंग करायची. तिथून सरळ पुढे गेले. शेवटपर्यंत.

टाळ्या वाजल्या नाहीत. विठू उठला आणि बाहेर गेला. मग बाकीचे. समितीच्या लोकांना वाटलं निषेध करून चालले. मी बाहेर आले तेव्हा चौदा जण व्हरांड्यामागच्या नळावर रांगेने उभे होते, ठेवणीतल्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घेत. विठूने सरांना हाताने धरून आपल्या पुढे घेतलं. सरांनी चष्मा काढून माझ्याकडे दिला आणि डोकं नळाखाली धरलं. बराच वेळ धरलं होतं. मागच्या कुणी घाई केली नाही.

इंदुबाई ओल्या केसांनी माझ्यासमोरून एसटीकडे चालत गेली.

३ फेब्रुवारी

समितीतले एक जण नम्रताताईंना म्हणाले, खोटं वाचणारी बाई मंचावर शोभत नाही. नम्रताताईंनी विचारलं, ‘मग मार्चला प्रश्न तुम्ही विचारता का?’ ते नाही म्हणाले. मी तिथेच होते. मार्चच्या लेखिकेचं पुस्तक घरी आणलं आहे. मी थांबणार नाही. चूक केली ती चारशे माणसांसमोर कबूल केली, आणखी काय करायचं असतं?

(चारशे नव्हते. एकशे वीस खुर्च्या.)

दुपारी सरांचा फोन. ‘तुमची रोह्याची सगुणा लिहून काढा. मला वाचायची आहे.’

‘मी लेखिका नाही, सर.’

‘मग बारा वर्षं काय करत होतात?’

‘वाचत होते.’

ते हसले.

६ फेब्रुवारी

इंदुबाईने विठूकडून निरोप धाडला: कारखान्यात ये आणि कोण कोण मेलं ते सांग.

गेले. परदेशी जाणाऱ्या मूर्तींची आखणी चालू आहे. विठू ह्यांच्या पाटावर बसतो. रेघ चांगली ओढतो, डाव्या डोळ्याला जरा घाई करतो. मला बघून त्याने ब्रश पाण्यात ठेवला आणि ज्या मूर्तींचे डोळे झाले होते त्यांच्या तोंडांवर फडकी टाकली. मग सगळे बसले.

मी आठवून आठवून सांगितलं. एकोणीस निघाले. तांडेल, मास्तरीण, दोन भावांतला धाकटा, विहिरीतली बाई. प्रत्येकाला कुणीतरी ‘व्हय?’ म्हणायचं. तांडेलाचं त्यांनी लगेच मान्य केलं, त्याची लक्षणंच तशी होती म्हणे. मास्तरणीवरून वाद झाला. ‘मी नाय मानत,’ विठू म्हणाला, ‘शाळेचं छप्पर घालताना आमी सगळे होतो.’ शेवटी अठरा ठरले. नळावर जाऊन आले.

इंदुबाई नळावरून सगळ्यात शेवटी आली. केस पुसत समोर येऊन बसली.

‘झाली यादी? मेली ती मेली. आता सांग, पोर पोचली का?’

‘त्या दिवशी वाचलं ना. पुस्तकात ती—’

‘पुस्तकातलं ऐकलं मी. रोह्याचं इचारते.’

मी पिशवीतून पुस्तक काढायला हात घातला. तिने पिशवी ओढून आपल्यामागे ठेवली. ‘ते कशाला? आता काय त्याच्याआड तोंड लपवायचं हाय?’

मोकळ्या हातांनी मी कधी काही सांगितलं नव्हतं. हात कुठे ठेवावेत ते कळेना. मांडीवर ठेवले. सगळे बघत होते. म्हणाले, ‘पोर कुंडलिकेच्या पुलावर आली—’

‘थांब. हे तुझंच ना?’

‘माझंच.’

‘मंग येवढी पळतेस कशाला? पोरीला आधी पेणात गाडीत तरी बसू दे.’